साहेब गोड बोलले म्हणून?

विद्यापीठांत सध्या एका कार्यशाळेची चलती आहे: नेतृत्व आणि भावनिक बुद्धिमत्ता. मांडणी ठरलेली. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख यांना माणसांची मनं वाचता आली, की कर्मचारी कामावर खूश राहतात. हे अगदीच खोटं नाही, पण सोयीचं फार आहे.

फेब्रुवारी २०२३मध्ये राज्यातल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. साहेब गोड बोलत नाहीत, ही काही त्यांची तक्रार नव्हती. १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतरची आश्वासित प्रगती योजना, रिक्त जागांची भरती, जुनी पेन्शन अशा त्यांच्या मागण्या होत्या. तिघांचं काम एकटा उपसणाऱ्या लिपिकाच्या पाठीवर थाप मारल्यानं टेबलावरच्या फायली कमी होत नाहीत. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला तर सुट्टी लागली की मानधनच नाही. त्याला कसली प्रेरणा द्यायची?

कार्यशाळांतून मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गचं नाव हटकून येतं. समाधान पगारातून नव्हे, कामातून, कौतुकातून आणि जबाबदारीतून येतं, एवढंच सांगितलं जातं. पण पगार, नियम आणि कामाची परिस्थिती बिघडली की असंतोष माजतो, हेही १९५९च्या त्याच अभ्यासात आहे. गंमत म्हणजे वरिष्ठांशी असलेले संबंध हर्झबर्गनं असंतोषाच्या याच यादीत घातले आहेत. साहेब चांगला असला तर कुरबुर थांबते. समाधान त्यापुढची गोष्ट.

मग नेतृत्वाला किंमतच नाही? आहे, आणि मोठी आहे. २०१७मध्ये मुंबई विद्यापीठानं ऐन परीक्षांच्या हंगामात संगणकावर उत्तरपत्रिका तपासायचा निर्णय घेतला. उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख. एवढी घाई नको, असं प्राध्यापक सांगत होते. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटून गेली, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. तोवर ‘निकाल कधी?’ या प्रश्नाला खिडकीतला लिपिकच तोंड देत होता. निकाल त्याच्या हातात नव्हता, आणि निर्णय घेताना त्याला विचारलंय कोणी?

मानसशास्त्रज्ञ सालोव्हे आणि मेयर यांनी १९९०मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची व्याख्या केली, तीत दुसऱ्याच्या भावना ओळखण्याबरोबरच त्यानुसार विचार आणि कृती करणंही होतं. कृतीचा भाग कार्यशाळेत चहाबरोबर विरून जातो. तेव्हा वरिष्ठांची परीक्षा घ्यायचीच, तर प्रश्नावलीत हे प्रश्न असावेत: रिक्त पदांसाठी मंत्रालयात किती खेटे घातले, नवी प्रणाली आणण्यापूर्वी परीक्षा विभागात कुणाकुणाला विचारलं, आणि गोंधळ उडाल्यावर खिडकीशी स्वतः किती वेळ उभे राहिलात?