घर बघताना भाजीचं अंतरही मोजा

पक्षाघातातून सावरत असलेले एक काका गेल्या वर्षी तपासणीला आले, तेव्हा त्यांचा मुलगा नव्या फ्लॅटचं माहितीपत्रक घेऊनच आला होता. पुण्यात पेठेतलं त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. नवं घर शहराच्या कडेला अकराव्या मजल्यावर. दोन लिफ्ट, जनरेटर, दारात रॅम्प आणि मोठं रुग्णालय गाडीने दहा मिनिटांवर. ‘डॉक्टर, बाबांसाठी हेच बरं ना?’ मुलाने विचारलं. मी ‘हो’ म्हणालो. तेवढ्यात काकू म्हणाल्या, ‘आणि भाजी कुठून आणायची?’ मुलगा हसून म्हणाला, ‘आई, आता मोबाइलवर सगळं मिळतं.’ मीही हसलो.

आठ महिन्यांनी काका पुन्हा आले. वजन सहा किलोने वाढलेलं, साखर चढलेली, चाल आधीपेक्षा मंद. औषधं नियमित चालू होती. बदललं होतं ते रोजचं जगणं. जुन्या घरी कठड्याला धरून ते दिवसातून एकदा खाली उतरत. जिना त्रासाचा होता, पण खाली उतरलं की डेअरी, भाजीवाली आणि वाणी दीडशे पावलांच्या आत होते. तेवढी फेरी हा त्यांचा व्यायाम होता. पक्षाघाताने वाचाही अडखळत होती. भाजीवालीशी भाव करताना रोज चार शब्द जिभेवर येत, तोही सरावच. नव्या घरापासून पहिलं दुकान दीड किलोमीटरवर, मधला रस्ता बिनफुटपाथचा आणि डंपरच्या वर्दळीचा. काका घरातच बसू लागले. काकूंचे गुडघे दुखतात, त्यामुळे भाजी आठवड्यातून एकदा, मुलाला सुट्टी असेल तेव्हा. पालेभाजी दोन दिवसांत संपते. उरलेले पाच दिवस बटाटा, ब्रेड, बिस्किटं आणि फरसाण.

चूक मुलाची नव्हती. माझ्याकडूनही काकूंचा प्रश्न सुटला. घरात अपंगत्व आलं की आपण लिफ्ट बघतो, बाथरूमचा दरवाजा मोजतो, रुग्णालयाचं अंतर विचारतो. हे सगळं हवंच. पण रुग्णालयात महिन्यातून एकदा जावं लागतं आणि जेवण रोज दोनदा लागतं. रोजच्या अन्नाचं अंतर मात्र कोणी मोजत नाही.

हे अंतर किलोमीटरमध्ये मोजूनही भागत नाही. जिथून चांगलं अन्न विकणारं दुकान लांब आहे, अशा वस्त्या अमेरिकेच्या कृषी खात्याने नकाशावर दाखवल्या आहेत. त्यासाठीची एक ढोबळ मर्यादा शहरात एक मैल आणि ग्रामीण भागात दहा मैल अशी आहे. धडधाकट माणसाला आणि गाडी असलेल्याला हे माप ठीक आहे. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी दुकान रस्त्यापलीकडे असलं आणि वाटेत पंधरा सेंटिमीटरची एक पायरी असली, तरी ते दूरच. ती पायरी सुरक्षितपणे चढायला १:१२ उताराचा, म्हणजे १.८ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. आपल्याकडे किती किराणा दुकानांसमोर तो आहे?

दुसरा प्रश्न वजनाचा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहार मार्गदर्शिकेतल्या नमुना ताटानुसार प्रौढ व्यक्तीला रोज साधारण ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं आणि ३०० मिलिलिटर दूध किंवा दही हवं. दोन माणसांच्या घराला आठवड्याला सात किलो भाज्या-फळं आणि चार लिटरहून जास्त दूध लागतं. म्हणजे अकरा किलोंचं ओझं झालं. धान्य, डाळी, तेल वेगळंच. कुबड्या वापरणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि त्याच अंतरासाठी त्याची शक्ती बरीच जास्त, काही वेळा दुपटीपर्यंत, खर्च होते. व्हीलचेअरवर मांडीवर दोन-तीन किलोंची पिशवी ठेवता येते, त्याहून जास्त नाही. अशा माणसाला ‘आठवड्याची भाजी एकदम आणा’ हा सल्ला उपयोगाचा नाही. त्याला थोडं, रोज आणि जवळ मिळायला हवं.

तिसरी गोष्ट शरीराची. मज्जारज्जूला इजा झाली की कमरेखालचे स्नायू रोडावतात आणि उष्मांकांची गरज घटते. आतड्यांची गती मंदावते, म्हणून तंतुमय पदार्थ आणि पाणी नीट लागतं. बेडसोअर झाला तर तो भरून यायला प्रथिनं जास्त लागतात. म्हणजे उष्मांक कमी, पण भाजी, डाळ, अंडी, दूध भरपूर. आणि घरबसल्या सहज मिळतं ते काय? बिस्किटं, नूडल्स, वेफर्स, फरसाण. वजन वाढलं की बिछान्यातून खुर्चीत सरकताना खांद्यांवर ताण येतो, आणि व्हीलचेअर वापरणाऱ्याचे खांदे हेच त्याचे पाय असतात. पक्षाघातानंतर किंवा सेरेब्रल पाल्सीमध्ये गिळायला त्रास होतो, तेव्हा मऊ, ताजं, घरचंच अन्न लागतं. पार्किन्सन्सच्या काही रुग्णांना प्रथिनं आणि लेव्होडोपाच्या गोळीची वेळ सांभाळावी लागते. दूर गेलेली भाजी मंडई अशा माणसांच्या प्रकृतीवर थेट परिणाम करते.

‘पण ॲप आहेत ना?’ आहेत, आणि व्हीलचेअरवरच्या अनेकांना त्यांचा मोठा आधार झाला आहे, हे मान्य करायलाच हवं. मात्र वाचा गेलेल्या माणसाला डिलिव्हरीवाल्याच्या फोनला उत्तर देता येत नाही. अंध व्यक्तीच्या स्क्रीनरीडरला ॲपमधली नाव न दिलेली बटणं वाचता येत नाहीत. दहा रुपयांची कोथिंबीर मागवली तर तिच्याहून जास्त शुल्क पडतं. आणि ही सोय मुख्यतः शहरांतली आहे.

२०११च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या आणि त्यांतल्या सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात राहत होत्या. तिथे भाजी म्हणजे आठवडी बाजार. बाजाराच्या दिवशी एसटीत किंवा वडापमध्ये चढता आलं नाही, तर तो आठवडा शेजाऱ्यांच्या मर्जीवर काढावा लागतो. रेशनचं धान्य आता ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे देशात कुठल्याही रास्त भाव दुकानातून घेता येतं. घर बदललं तरी तांदूळ-गहू मागोमाग येतो. भाजीपाल्याची तशी सोय नाही.

या सगळ्यामुळे निवड खरं तर उरतच नाही. भाजीजवळचं जुनं घर जिन्याचं, आणि लिफ्टचं नवं घर भाजीपासून लांब. दोन्ही सोयी असलेलं घर परवडणारं नसतं. दिव्यांगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्याचं कलम १९ कुठे राहायचं हे निवडण्याचा हक्क देतं आणि कलम २८ पुरेशा अन्नाचा. आपली धोरणं मात्र हे दोन हक्क वेगवेगळ्या खात्यांत ठेवतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३७ सरकारी गृहयोजनांत पाच टक्के आरक्षण देतं. पंतप्रधान आवास योजनेत दिव्यांगांच्या कुटुंबांना शक्यतो तळमजला किंवा खालचे मजले द्यावेत, असं म्हटलं आहे. चांगलंच आहे. पण तळमजल्यावरच्या त्या घरातून भाजी, दूध आणि रेशनपर्यंत एकट्याने पोहोचता येतं का, हा प्रश्न वाटप करताना विचारला जायला हवा. अशा वसाहतीत दुकानांचे गाळे आणि भाजीचे ओटे घरांच्या आधी नाही, तरी घरांबरोबर तयार हवेत.

इथे हातगाडीचा विषय येतो. फुटपाथ अडवणारी गाडी व्हीलचेअरला रस्त्यावर ढकलते, ही तक्रार खरी आहे. पण म्हणून गाड्या हटवल्या, तर त्याच माणसाच्या आवाक्यातलं पायरी नसलेलं एकमेव दुकान जातं. चालण्यासाठी १.८ मीटर मोकळी वाट हवी, हे रस्त्यांच्या मानकांत लिहिलेलं आहे. पथविक्रेत्यांच्या जागा ठरवायला २०१४च्या कायद्याने नगर पथविक्रेता समिती दिली आहे. वाट मोकळी ठेवून गाडी कुठे उभी करायची, हे तिथे ठरवता येतं. त्या चर्चेत व्हीलचेअर वापरणारा माणूस बोलवायला हवा.

घर बघायला जाणाऱ्यांनी एवढं करावं. ज्याला अपंगत्व आहे त्याला बरोबर न्यावं आणि फाटकापासून दूध व भाजीपर्यंत त्याच्याच पायांनी किंवा चाकांनी एकदा जाऊन यावं. येताना दोन किलोंची पिशवी असावी. वाटेत किती पायऱ्या, बसायला कुठे जागा आहे का, रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो, ते बघावं. भाजीवाल्याला सोसायटीत सोडतात का, हे वॉचमनला विचारावं. जवळपास पोळी-भाजी केंद्र किंवा घरगुती डबा आहे का, तेही बघावं.

काका-काकू अजून त्याच फ्लॅटमध्ये आहेत, कारण कर्ज काढून घेतलेलं घर असं सोडता येत नाही. काकूंनी सोसायटीच्या सभेत विषय मांडला. सुरक्षा, कचरा, ‘आज एक येईल, उद्या दहा येतील’ असं सगळं बोलून झालं. अखेर आठवड्यातून तीन सकाळी एका भाजीवालीला आत यायची परवानगी मिळाली. त्या दिवशी काका लिफ्टने स्वतः खाली जातात. वजन अजून फारसं उतरलेलं नाही. पण मागच्या तपासणीला त्यांनी मेथीच्या जुडीचा भाव मला स्वतः सांगितला.