खडीचा ढीग पडण्याआधी

मावळात नवे काम शोधायची रीत अजून नजरेची आहे. मिस्त्री मोटारसायकल काढतो. कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे, कामशेतहून पवनानगरकडे, मळवलीहून लोहगडाच्या पायथ्याकडे जातो. वाटेत खडीचा ताजा ढीग, फक्कीने केलेली आखणी किंवा पत्र्याचे नवे कुंपण दिसले की थांबतो आणि वॉचमनला विचारतो, पार्टी कुठली, काम कुणाला दिले? बहुतेक वेळा काम दिलेले असते. खडी पडली म्हणजे रेट ठरला, ॲडव्हान्स गेला, ठेकेदाराची माणसे निघाली. पेट्रोल मिस्त्रीचे जळते.

खडी पडलेल्या त्या घराचा कागद मात्र कितीतरी आधी तयार झालेला असतो. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली परवानगीचा अर्ज होतो, नकाशे मंजूर होतात, शुल्क भरले जाते. खर्च कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या वर असेल तर बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार उपकरही भरावा लागतो. गट नंबर, क्षेत्रफळ, मजले, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर असे सगळे त्या फाईलमध्ये असते. लोणावळा, खंडाळा, तुंगार्ली, वलवण इथली फाईल लोणावळा नगरपरिषदेत, तळेगावची तिथल्या नगरपरिषदेत, वडगावची नगरपंचायतीत. उरलेल्या गावांच्या परवानग्यांचा मुख्य कारभार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे, आकुर्डीला. आंदर मावळातल्या गवंड्याने कान्हे गाठायचे, लोकल पकडायची, आकुर्डीला उतरायचे आणि खिडकीवर विचारायचे की आमच्या भागात या महिन्यात कुणाची परवानगी निघाली. दिवसाची मजुरी बुडवून असे कोण जाईल? ज्याचा पुण्यात माणूस आहे, ज्याची आर्किटेक्टच्या ऑफिसात ऊठबस आहे, त्याला बातमी घरबसल्या मिळते. गवंड्याचा हात कितीही चांगला असो, बातमी नसेल तर काम नाही. या अन्यायाबद्दल आपल्या तालुक्यात कुणी बोलत नाही, याचे मला वाईट वाटते.

वास्तविक ही माहिती मागावीच लागू नये. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते की प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने सतरा गोष्टी स्वतःहून प्रसिद्ध करायच्या. त्यातला तेरावा मुद्दा आहे, कार्यालयाने दिलेल्या सवलती, परवाने आणि अधिकारपत्रे कुणाला मिळाली त्यांचा तपशील. बांधकाम परवानगी हा परवानाच आहे. त्याच कलमात स्थानिक भाषेचाही विचार करायला सांगितले आहे. म्हणजे गावनिहाय, महिनावार, मराठी यादी संकेतस्थळावर हवी आणि ग्रामपंचायतीच्या फलकावरही हवी. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तीस दिवस वाट बघणे हा शेवटचा उपाय झाला.

अशी यादी हातात आली तर काय होईल, हे धंद्यातल्या माणसाला समजावावे लागत नाही. प्रारंभ प्रमाणपत्र निघाले की पोकलेनवाला, आरसीसीवाला आणि सेंट्रिंगवाला यांची वेळ. जोते तपासणीचा दाखला झाला की वीट, प्लंबिंग, वायरिंग. भोगवट्याचा अर्ज पडला की रंगारी, फॅब्रिकेटर, बाग करणारा. लोणावळ्याच्या पावसात वॉटरप्रूफिंगवाल्याला तर स्लॅबच्या दिवसापासून काम असते. परवानगी वर्षाची असते, पुढे मुदतवाढ घ्यावी लागते; म्हणून मंजुरी मिळालेला मालक फार काळ थांबत नाही. पावसाळ्यात मंजूर झालेल्या बंगल्याची कुदळ दसऱ्याच्या सुमारास पडते. ऑगस्टची यादी हाती असलेला मिस्त्री सप्टेंबरात आर्किटेक्टकडे आपला रेट देऊन ठेवू शकतो.

दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो. आपल्याकडे गुंठ्यांचे तुकडे पाडून, लेआउट मंजूर न करता घरे बांधणारे पुष्कळ आहेत. नोटीस आली की काम थांबते आणि शेवटचा हप्ता बुडतो तो ठेकेदाराचा. शिवाय नगररचना कायद्याच्या कलम ५२ मध्ये, दुसऱ्याच्या सांगण्यावरून विनापरवाना बांधकाम करणाराही दोषी धरला आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची. ‘मालक म्हणाला, परवानगी आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही. यादीतले काम म्हणजे परवानगी तपासलेले काम. मजुराचाही त्यात फायदा आहे. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि कागदावर असलेल्या साईटवरून तो मागणे सोपे जाते.

मालकाची बाजूही खरी आहे. घर बांधायला काढले आणि दिवसाला वीस फोन सुरू झाले, हे कुणालाच नको. यादीत मोबाइल नंबर कशाला हवा? गाव, गट नंबर, क्षेत्रफळ, टप्पा, परवानगी क्रमांक आणि आर्किटेक्टचे नाव पुरे. मिस्त्रीने आर्किटेक्टकडे जावे, केलेल्या कामाचे फोटो दाखवावेत. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातल्या खासगी माहितीच्या कलमाचे शब्द बदलले, त्यामुळे ‘ही व्यक्तिगत माहिती आहे’ असे उत्तर आता लवकर मिळेल. तेरावा मुद्दा मात्र त्या बदलात हललेला नाही.

हे जगावेगळेही नाही. अमेरिकेत शिकागो शहर २००६ पासूनच्या बांधकाम परवान्यांची यादी इंटरनेटवर सर्वांना खुली ठेवते, कामाच्या अंदाजे खर्चासकट. आपल्याच राज्यात महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत प्रकल्पाची मंजुरीची कागदपत्रे कुणीही पाहू शकतो. सोमाटणे-तळेगावच्या मोठ्या स्कीम तिथे सापडतात. पवनेकाठचा स्वतःसाठी बांधलेला बंगला सापडत नाही, कारण त्याला रेरा लागूच नाही. आणि आपल्या मिस्त्रीचे काम तर त्या बंगल्यावरच असते.

१५ ऑगस्टला गावोगावी ग्रामसभा होईल. आपल्या गावातल्या परवानग्यांची यादी दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, असा ठराव तिथे मांडा आणि त्याची प्रत आकुर्डीला पाठवा. ठरावात कलम ४ आणि तेरावा मुद्दा नावानिशी लिहा. मी एक मसुदा तयार ठेवला आहे. ज्या गावाला हवा असेल त्याने या स्तंभाच्या पत्त्यावर चिठ्ठी धाडावी.