पुढाऱ्यासही गुरु हवा

वर्गांत मुलगा चुकला तर त्यास सांगावयास शिक्षक असतो. तोच मुलगा पुढें संस्थेचा चालक किंवा गांवाचा पुढारी झाला, म्हणजे त्याची चूक त्यास कोणी सांगावी? हाताखालचीं माणसें भितात आणि स्नेही भिडेस पडतात. हल्लीं मोठमोठ्या कंपन्या आपल्या कारभाऱ्यांकरितां वेतन देऊन मार्गदर्शक नेमतात. हें परकी फॅड आहे असें कित्येक म्हणतात; आमचे मतें ही रीत फार जुनी आहे.

निर्गमाच्या 18 व्या अध्यायांत मोशे दिवसभर एकटाच न्याय करीत बसलेला दिसतो. हजार, शंभर, पन्नास व दहा लोकांवर विश्वासू नायक नेमून भार वांटून द्यावा, असें त्याचा सासरा इथ्रो त्यास सुचवितो. मोशेनें तें ऐकलें, आणि इथ्रो आपल्या देशीं परत गेला. मोशेच्या आसनावर तो स्वतः बसला नाहीं. खऱ्या मार्गदर्शकाची हीच खूण होय.

आपल्याकडील उदाहरण तर शिक्षकांस भूषणावह आहे. नामदार गोखले न्यायमूर्ति रानड्यांच्या हाताखालीं तयार झाले. 1902 पासून गाजलेल्या त्यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणांस रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांच्या आंकडेशास्त्राचें साह्य होतें. आणि हे जोशी एके काळीं सोलापुरास हेडमास्तर होते! पुढें 1915 सालीं गांधीजी स्वदेशीं परतले, तेव्हां एक वर्ष देश पाहावा, तोंवर मतप्रदर्शन करूं नये, असें गोखल्यांनींच त्यांस सांगितलें.

आमचाही एक अनुभव लिहितों. एका संस्थेंत नादारीचें काम आम्हांकडे असतां, अर्ज उशिरा आला म्हणून आम्हीं एका मुलास नकार दिला. मुलानें शाळा सोडली. त्याचे आईबाप ऊसतोडीस गेले होते, हें एका वृद्ध सहकाऱ्यांस ठाऊक होतें. “आपण विचारलें नाहीं, म्हणून बोललों नाहीं,” असें ते मागाहून म्हणाले. तें वाक्य आम्हांस अद्याप बोंचतें.

आमच्या लातुरांत मुलांस प्रत्येक विषयाचा निराळा मास्तर मिळतो. मग वडीलधाऱ्या अधिकाऱ्यांस खरें सांगणारा एकही मिळूं नये काय? विद्यार्थीमित्रांनो, तुम्हांपैकीं जे आज वर्गनायक आहेत त्यांनीं आतांपासूनच असा एक स्पष्टवक्ता जोडावा, व अधिकार मिळाल्यावर त्यास दूर लोटूं नये.