आधी माती, मग तंबू



ट्रेनिंगमध्ये एक प्रश्न वारंवार येतो. "सर, घरची दोन एकर जमीन आहे, शेतीत काही उरत नाही. कॅम्पिंग सुरू करू का?" माझं उत्तर आहे, जरूर करा. फक्त तंबू सगळ्यात शेवटी घ्या.

कशेळीत बसून जमिनीबद्दल बोलायचं म्हणजे गोडाऊनचा विषय आलाच. कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, जिथे भातखाचरं होती तिथे आता गाळ्यांच्या रांगा आहेत. दर महिन्याच्या भाड्याला मी कमी लेखत नाही, त्यावर कितीतरी घरं उभी राहिली. पण खाचरात एकदा मुरूम आणि काँक्रीट पडलं की ते खाचर परत मिळत नाही. म्हणून शहापूर, मुरबाड, वाड्याकडे ज्यांची जमीन अजून मोकळी आहे, त्यांनी आधी हा हिशोब करावा.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे नेरळची सगुणा बाग. चंद्रशेखर भडसावळे अमेरिकेत शिकून परत आले आणि घरच्या जमिनीवर शेती व पर्यटन एकत्र उभं केलं. त्यांचं 'सगुणा राईस तंत्र' समजून घ्या. एकदा गादीवाफे करायचे, मग दरवर्षी नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. साच्याने खुणा करून बी टोकायचं. कापणीनंतर मुळं जमिनीतच राहतात, कुजतात, त्यावर गांडुळं जगतात. यात तणनाशक वापरलं जातं, ते पटतं का हे तुम्ही ठरवा.

धंद्याच्या नजरेने बघा. नांगरणीचं भाडं आणि लावणीची मजुरी वाचली, तर पहिला पाहुणा येण्याआधीच तुमचा फायदा सुरू झाला. मी दुकानदार आहे. दुकानात माल नसेल तर चकचकीत पाटी लावून गिऱ्हाईक एकदाच येतं. लॉन आणि स्विमिंग पूल ठाण्याच्या माणसाला रिसॉर्टमध्ये मिळतात. तुमच्याकडे तो जिवंत शेत बघायला येणार. तुमचा माल म्हणजे माती.

आता कॅम्पिंगचं गणित. सुट्या पाहुण्यांपेक्षा ग्रुप घ्या. तारीख ठरलेली, अॅडव्हान्स हातात, जेवण किती करायचं ते माहीत.

समजा ३० जण, माणशी १,००० रुपये:
- जमा: ३०,०००
- नाश्ता-जेवण: १२,०००
- मदतनीस, साफसफाई, प्रवास: ६,०००
- तंबू-संडासाची झीज: ३,०००
- शिल्लक: ९,०००

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, महिन्याला दोन ग्रुप धरले तर वर्षाला ७२,००० रुपये. हा चांगला जोडधंदा आहे. पण यासाठी कॉटेज बांधायला ११ टक्क्यांनी १० लाखांचं कर्ज काढलंत, तर पहिल्या वर्षाचं व्याजच १ लाखाच्या वर जातं! म्हणजे पाहुणे तुमचे आणि कमाई बँकेची.

म्हणून माझा क्रम असा:

१. पहिला पावसाळा फक्त शेत सुधारा. बांधावर झाडं लावा.
२. भातानंतर वाल, हरभरा घ्या. थंडीत त्याच वालाची पोपटी लावा. शहरातल्या ग्रुपला यापेक्षा वेगळं आकर्षण लागत नाही.
३. तंबू वरकस जमिनीवर लावा, वाफ्यांवर नको. माणसं चालून माती दाबली गेली तर केलेलं काम वाया.
४. पक्के संडास आधी. बायका-मुलं असलेला ग्रुप पहिला तेच बघतो.
५. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून घ्या.
६. आई, वहिनी स्वयंपाक करणार असतील तर त्यांची मजुरी वहीत लिहा आणि हातात द्या. घरच्यांचे कष्ट फुकट धरले की तोट्यातला धंदाही नफ्यात दिसतो.

दोन वर्षं थांबायची तयारी नसेल तर हा धंदा तुमच्यासाठी नाही, हे स्पष्टच सांगतो. तयारी असेल तर आज वही घ्या, आपल्या शेताचे आकडे वरच्या हिशोबात टाका आणि घरात सगळ्यांसमोर वाचा. जमीन सगळ्यांची आहे, निर्णयही सगळ्यांचा असू दे.