६/६ म्हणजे सारे दिसते?

'नजर ६/६ आहे' असे डॉक्टरांनी सांगितले की आपण निर्धास्त होतो. पण हा आकडा नेमके काय मोजतो, याचा विचार आपण कधी केला आहे का?

१८६२ साली हॉलंडमधील डॉक्टर हर्मन स्नेलेन यांनी अक्षरांचा तक्ता तयार केला. ६ मीटरवरून सुमारे ९ मिलिमीटर उंचीचे अक्षर वाचता आले की नजर ६/६. ही झाली दृष्टीची तीक्ष्णता. पण तक्त्यावरची अक्षरे काळीकुट्ट आणि कागद पांढराशुभ्र! जग एवढे काळे-पांढरे कुठे असते?

आपल्या पेणचे गणपतीचे कारखाने पाहा. आखणी करताना मूर्तीच्या डोळ्याची बारीक रेघ तीक्ष्ण नजरेला दिसते. परंतु गालावरची फिकट छटा कुठे संपते, हे कळायला वेगळी शक्ती लागते. शास्त्रात त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. आपण उठाव म्हणू. मोतीबिंदू, काचबिंदू किंवा मधुमेह यांमुळे, अक्षरे नीट वाचता येत असतानाही, उठाव ओळखण्याची ही शक्ती कमी होऊ शकते.

रोह्याकडच्या आमच्या गावी एका शिबिरात माझ्या आजीचे डोळे तपासले. ती निरक्षर, म्हणून इंग्रजी 'ई'ची तोंडे कोणत्या दिशेला आहेत, ते तिने हाताने दाखवले. 'नजर चांगली आहे,' असे सांगून तिला परत पाठवले. आजी म्हणाली, "मग तांदळातला पांढरा खडा का दिसत नाही रे?" तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या तक्त्यात नव्हतेच!

ते मिळण्याची सोय आहे. १९८८ साली पेली आणि रॉबसन यांनी केलेल्या तक्त्यात सारी अक्षरे एकाच मोठ्या आकाराची, पण तीन-तीनांच्या गटाने फिकट होत जाणारी आहेत. १ मीटरवरून कुठवर ओळखता येतात, एवढेच पाहायचे. निरक्षरांसाठी घर, सफरचंद अशा फिकट चित्रांचे तक्तेही आहेत.

२०१७ साली भारताने अंधत्वाची मर्यादा ६/६० वरून ३/६० केली. त्या व्याख्येत तीक्ष्णता आहे, दृष्टिक्षेत्र आहे. उठावाला मात्र स्थान नाही. जे मोजले जात नाही, ते दुःख सरकारदरबारी नसतेच!

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विज्ञानात ढवळाढवळ का करावी, असे कोणी विचारील. पण कोणाचे दुःख मोजायचे, हा प्रश्न एकट्या विज्ञानाचा नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या आपल्या पुढच्या नेत्रशिबिरात डॉक्टरांकडे या दुसऱ्या तक्त्याचाही आग्रह धरू या.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला