निकालाआधीचे निकाल

निवडणूक जाहीर होण्याआधीच निकाल सांगण्याची जी हौस आपल्याकडे बोकाळली आहे, तिला आम्ही विश्लेषण म्हणायला तयार नाही. जून २०२४ मध्ये लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या आणि विधानसभेचाही निकाल अनेकांनी तेव्हाच लावून टाकला. नोव्हेंबरमध्ये २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांनी जिंकल्या. भाकीत चुकले, हा आमचा आक्षेप नव्हे. ते खरे ठरले असते तरी आक्षेप राहिलाच असता.

या दोन निकालांच्या मध्ये, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी, पोहरादेवीला पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. सेवालाल महाराजांची समाधी असलेले हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. पण भाकीतकारांना तिथे दिसला तो मतांचा गठ्ठा: तो कोणाकडे झुकणार, किती मतदारसंघ फिरवणार? अशा वाक्यात ‘मते’ कर्ता होतात आणि माणसे वाक्याबाहेर जातात. गोरबोलीला आठव्या अनुसूचीत आजही स्थान नाही. ते कधी मिळणार, हा प्रश्न ‘कोण जिंकणार’ या प्रश्नाखाली सहज गाडला जातो.

उमेदवाराला निदान पाच वर्षांनी जाब द्यावा लागतो. भाकीतकाराला तेवढेही बंधन नाही. तो पुढच्या निवडणुकीचे भाकीत करायला मोकळा. म्हणून भाषेच्या अभ्यासकांनी तरी त्याला विचारले पाहिजे: मतदार अजून बोललेला नसताना त्याचे वाक्य पुरे करण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला?