विस्तुलेकांठचें काझिमिएश

ज्यांस वॉर्सा शहरीं एखादा दिवस मोकळा मिळेल त्यांनीं तो राजधानींतील दुकानें पाहण्यांत न घालवितां काझिमिएश दोल्नी या लहानशा गांवीं घालवावा, असें आमच्या वाचकांस आग्रहानें सांगावेंसें वाटतें. वॉर्सापासून हें गांव सुमारें १४० किलोमीटर दूर आहे. आगगाडी तेथपर्यंत जात नाहीं. पुवावी स्टेशनावर उतरून पुढें बस धरावी लागते. आम्ही वॉर्साहून थेट बसनेंच गेलों. ‘दोल्नी’ म्हणजे खालचें. याच नांवाचें दुसरें गांव नदीच्या वरच्या अंगास क्राकूवजवळ होतें (तें आतां क्राकूव शहरांतच सामावून गेलें आहे), म्हणून हें खालचें. नदीचें नांव विस्तुला. पोलिश लोक तिला ‘विस्वा’ म्हणतात.

या गांवाचें सारें वैभव धान्यावर उभें राहिलें. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सतराव्याच्या मध्यापर्यंत आसपासच्या सुपीक प्रदेशांतील धान्य येथें गाड्यांनीं येई, नदीकांठच्या कोठारांत सांठविलें जाई, आणि रुंद, सपाट तळाच्या होड्यांत भरून गदान्स्कच्या बंदराकडे रवाना होई. तेथून तें हॉलंडच्या व्यापाऱ्यांच्या हातीं पडे. कांहीं होड्या तर माघारी येतच नसत. माल उतरला कीं त्या मोडून त्यांचें लांकूडही विकून टाकीत. त्या काळचीं मोजकींच कोठारें आज उभीं आहेत. कोठार म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर काळोखी खोली आणि उंदीर येतात. येथें मात्र पांढऱ्या चुनखडी दगडाच्या भक्कम भिंती, वर उतरतें छप्पर आणि छपराखालच्या त्रिकोणी भिंतीवर नक्षीकाम असा थाट आहे. धान्य ठेवण्याच्या जागेसही इतकें नटविणारे व्यापारी स्वतः कसे राहत असतील, हें पाहण्याची उत्सुकता तेथेंच उत्पन्न होते. एका कोठारांत सध्यां निसर्गविषयक संग्रहालय आहे.

ती उत्सुकता गांवच्या चौकांत पुरी होते. चौकाच्या मधोमध लांकडी छपराची विहीर आहे, आणि एका बाजूस मिकोवाय व क्रिश्तोफ प्शिबिवा या दोघां सख्ख्या भावांनीं १६१५ च्या सुमारास बांधविलेलीं जोडघरें आहेत. प्रत्येकानें आपल्या दर्शनी भिंतीवर आपल्याच नांवाच्या साधुपुरुषाची मोठी मूर्ति कोरविली आहे. त्यांतील संत क्रिस्तोफर बाल येशूस खांद्यावर घेऊन नदी पार करीत आहे. यमुनेंतून कृष्णास नेणारा वसुदेव ज्यांनीं बाळपणापासून चित्रांत पाहिला आहे, त्यांचे पाय या भिंतीपुढें आपोआप थबकतात. कारागिरी फार नाजूक नाहीं, क्वचित् बोजडही आहे. परंतु नदीच्या जिवावर श्रीमंत झालेल्या मनुष्यानें दारावर नदी ओलांडणारा साधु बसवावा, हें औचित्य मनास भावतें.

पुढें दिवस फिरले. १६५५ मध्यें सुरू झालेल्या स्वीडिश स्वारींत गांव उध्वस्त झालें. १७७२ च्या पहिल्या फाळणींत विस्तुलेचा खालचा प्रदेश प्रशियाच्या ताब्यांत गेला आणि मालावर जबर जकात बसली. गांव दरिद्री झालें, आणि आम्हांस वाटतें, म्हणूनच तें जुनें राहिलें. पैसा असता तर ही घरें पाडून नवीं बांधलीं गेलीं असतीं.

टेकडीवरील पडका किल्ला आणि त्याहून उंच स्थळीं उभे असलेले तीन लांकडी क्रूस बहुतेक सर्व प्रवासी पाहतात. १७०८ मध्यें आलेल्या महामारींत मेलेल्यांचें तें स्मारक आहे. चढ दमविणारा आहे, पण वरून नदीचें रुंद वळण फार सुंदर दिसतें. गांवांत कोंबड्याच्या आकाराचा पाव मिळतो. नांव कोंबड्याचें असलें तरी आंत मैदाच असतो. वरच्या चकाकीसाठीं मात्र अंडें लावतात, तेव्हां वर्ज्य असेल त्यांनीं जपावें.

येथपर्यंत पाहून बहुतेक मंडळी परत फिरतात. आमचें सांगणें असें कीं, एवढ्यावर परतूं नये.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीं या गांवाची निम्म्याच्या आसपास वस्ती ज्यू लोकांची होती. त्यांची भाषा यिद्दिश. १९३६ सालीं ‘यिडल मितन फिडल’ नांवाचा यिद्दिश बोलपट येथें चित्रित झाला. मुख्य नटी मॉली पिकन अमेरिकेहून आली होती. लग्नाच्या प्रसंगांत मात्र गांवांतील ज्यू रहिवाशांनाच वऱ्हाडी म्हणून बसविलें होतें. बोलपट आजही पाहावयास मिळतो. जाण्यापूर्वीं आम्हीं तो मुद्दाम पाहिला. त्या पंगतींतील म्हाताऱ्या बायका, दाढीवाले आजोबा, मध्येंच डोकावणारीं पोरें यांपैकीं कोणीच नट नाहीं. सहा वर्षांनीं, १९४२ मध्यें, जर्मन सत्तेनें येथील ज्यूंना हांकून नेलें. बेलझेत्सच्या मृत्युछावणींत त्यांचा अंत झाला. चौकाशेजारीं त्यांचें प्रार्थनामंदिर युद्धानंतर पुन्हां बांधलें गेलें, तें कित्येक वर्षें चित्रपटगृह म्हणूनच वापरांत होतें.

गांवांतील मठांत गेस्टापोनें तुरुंग केला होता. त्याचें आवार फरसबंद करण्यासाठीं ज्यूंच्या स्मशानांतील कोरीव दगड उपटून आणले होते. युद्धानंतर ते जपून ठेवले गेले, आणि १९८४ मध्यें वास्तुकार तादेउश आउगुस्तिनेक यांनीं चेर्निआवी येथील जुन्या स्मशानाच्या पायथ्याशीं त्यांचीच एक लांब भिंत उभी केली. चौकापासून तेथवर पायीं जातां येतें. भिंतींत शेंकडों तुकडे आहेत. कोंकणांतील बेने इस्रायल मंडळींच्या थडग्यांवर हिब्रू अक्षरें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांस लिपी ओळखीची वाटेल. वाचतां न येणाऱ्यासही चिन्हांवरून पुष्कळ समजतें. मेणबत्त्या कोरल्या असतील तो दगड स्त्रीचा, कारण शब्बाथच्या आदल्या सायंकाळीं दिवे लावणें हें तिचें काम. आशीर्वादासाठीं उचललेले दोन पंजे असतील तो पुरोहितकुलांतील पुरुषाचा. आम्हांस मेणबत्त्यांचे दगड पुष्कळ दिसले.

भिंतीस मधोमध वरपासून खालपर्यंत एक वांकडी चीर मुद्दाम ठेविली आहे. एक मनुष्य आंत जाईल एवढी ती रुंद आहे. पलीकडे झाडी आणि चढ आहे, आणि झाडांच्या बुंध्यांमधून कांहीं जुने दगड उभे आहेत. ज्यू लोक थडग्यावर फुलें नव्हे, खडे ठेवतात. भिंतीच्या कडेवर असे बरेच खडे होते, आणि कांहींवर अजून ओली माती होती.